सुती कपडा, घाम आणि धुण्याचा क्रम : प्रस्तावना

पांढऱ्या सुती सदऱ्याची काख पिवळी पडते, कॉलरच्या घडीवर काळपट रेघ उमटते, ब्लाऊजचे अस्तर काखेपाशी कडक होते आणि पुढे तिथेच आधी विरते. बाकीचे कापड अजून सहज टिकले असते. पण चार बोटांच्या जागेपायी कपडा बाहेर घालण्याजोगा राहत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, तो कापडात मुरत राहतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हात तो पाहता पाहता वाळतो आणि गडद रंगाच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाची पांढरी वर्तुळे सोडतो. शाळेच्या गणवेशापासून वारकऱ्याच्या सदऱ्यापर्यंत हा प्रश्न सगळ्यांचा आहे, तरी त्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. या पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे : घामाचा डाग म्हणून आपण ज्याला ओळखतो तो एकच डाग नसतो. त्यात तीन-चार निरनिराळे पदार्थ एकमेकांत अडकून बसलेले असतात आणि प्रत्येकाला उतरवणारी वस्तू निराळी असते. त्या वस्तू बहुतेक घरांत असतात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. उणीव असते ती त्या कोणत्या क्रमाने आणि किती वेळ वापरायच्या, या माहितीची. ती नसली की माणूस जोर वाढवतो. ब्रश अधिक कडक होतो, पावडर अधिक पडते, ब्लीचची बाटली निघते. डाग राहतो आणि कापड जाते.

आधी घामाकडेच पाहू. आपल्या त्वचेत घाम तयार करणाऱ्या ग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या जवळजवळ सर्वांगावर असतात आणि शरीर थंड ठेवण्याचे काम करतात. त्यांच्या घामात सुमारे 99 टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः मीठ, शिवाय थोडे युरिया आणि लॅक्टिक आम्ल. दुसऱ्या काखेत आणि जांघेत असतात, वयात आल्यावर कामाला लागतात आणि त्यांच्या स्रावात प्रथिने व स्निग्ध पदार्थ असतात. दोन्ही घाम ताजे असताना जवळपास बिनरंगी आणि बिनवासाचे असतात. वास येतो तो त्वचेवरच्या जिवाणूंनी त्या पदार्थांचे विघटन केल्यावर. यांच्या जोडीला तैलग्रंथी आहेत. मान, कपाळ आणि पाठ यांवर त्या सतत तेल सोडतात. कॉलरवरची रेघ पाण्याने आणि साध्या घासण्याने जात नाही याचे कारण इथे आहे. ती मूलतः तेलाची रेघ आहे. त्या तेलाने रस्त्यावरची धूळ आणि त्वचेचे मृत कण धरून ठेवलेले असतात. हेच तेल कापडात राहिले की हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू बदलते, पिवळे होते आणि धाग्याला अधिक घट्ट चिकटते. म्हणून धुऊन घडी घालून ठेवलेला पांढरा कपडा काही महिन्यांनी बाहेर काढल्यावर पिवळा दिसतो. कपाटात त्याला नवा डाग पडलेला नसतो. धुण्यातून राहिलेले तेल आता रंगाला आलेले असते.

काखेतल्या हट्टी पिवळ्या डागात आणखी एक भागीदार असतो आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घाम रोखणाऱ्या प्रसाधनांत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाच्या छिद्रांच्या तोंडाशी गोळा होऊन घामाची वाट काही काळ अडवतात. त्यांचा काही भाग कापडावर जातो आणि घामातली प्रथिने व त्वचेचे तेल यांच्याशी मिळून कडक, मेणचट, पिवळट थर बनवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अशा प्रसाधनांत वापरले जाणारे ॲल्युमिनियम क्लोराइड इतके आम्लधर्मी होते की ते कपडेच खात असे. पुढे सौम्य क्षार आले, कपडा खाणे कमी झाले, पण डाग राहिला. काखेला तुरटी लावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे, कारण तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. नुसता सुवास देणारे आणि घाम रोखणारे प्रसाधन वेगळे असते. डब्यावरची घटकांची यादी वाचली की फरक कळतो. डागाची ओळख बोटांनीही पटते. जागा पिवळी पण मऊ असेल तर तेल आणि प्रथिनांचा वाटा मोठा असतो. ती कडक, चरचरीत लागत असेल तर ॲल्युमिनियमचा संशय धरावा.

आता कापडाकडे येऊ. कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ आहे. नेहमीच्या प्रमाणित हवेत सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. घाम सुती कापडाच्या धाग्यांत आतपर्यंत जातो तो या गुणामुळे. म्हणून ते अंगाला सुखाचे वाटते आणि म्हणूनच ते डागाळते. पण याच गुणाचा धुणाऱ्याला फायदा होतो, कारण जिथे घाम पोचला तिथे पाणी आणि पाण्यात विरघळलेली औषधेही पोचतात. फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. कापसाचे आणखी दोन गुण विसरू नयेत. तो ओला असताना कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो, आणि अल्कली म्हणजे सोड्यासारखे पदार्थ त्याला चांगले सोसतात. इंग्लंडमध्ये जॉन मर्सर यांनी 1844 साली दाखवले की तीव्र कॉस्टिक सोड्यातून काढल्यावर सुताचे रूप पालटते. त्याच वाटेने आजचे चमकदार मर्सराइज्ड कापड तयार होते. रेशीम आणि लोकर यांना मात्र अल्कली मारक आहे. उलट बाजूला कापूस आम्लाला भितो. संडास साफ करण्याच्या ॲसिडचे चार थेंब सुती कापडाला भोक पाडू शकतात. व्हिनेगर किंवा लिंबाचे पातळ पाणी त्याला चालते. पण काम झाल्यावर ते पूर्ण निघून गेले पाहिजे.

वस्त्र ओळखून त्याला साजेशी शुद्धी करण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीत रेशीम आणि लोकर यांना खारी माती, नेपाळी कांबळ्यांना रिठा, जवसाच्या वस्त्राला पांढरी मोहरी अशी वाटणी सांगितली आहे. आजच्या रसायनशास्त्राला ती सगळी पटेल असे नाही. पण सगळ्या कापडांना एकच औषध चालत नाही, ही जाण तिच्यात स्पष्ट दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परिटांनी कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवर धुवावेत, असा नियम आहे आणि तो मोडून कपडा खराब करणाऱ्याला भरपाई व दंड सांगितला आहे. धुण्याने कापड झिजते आणि ती झीज ही कोणाची तरी हानी आहे, हे तिथे राज्यानेच मान्य केलेले आहे. पुढे आपल्या परिटांची भट्टी आली. कपडे खाराच्या पाण्यात भिजवायचे, भट्टीवर वाफ द्यायची, मग धुऊन उन्हात पसरायचे. या पद्धतीत दगडावरचे आपटणे डोळ्यांत भरते, पण मळ सोडवण्याचे मुख्य काम त्याआधीच खार, वाफ, वेळ आणि नंतर ऊन यांनी केलेले असे. नजरेत राहिले ते आपटणे आणि घराघरांत उरले तेही आपटणेच. भिजवण्याचे शास्त्र मात्र मागे पडले.

त्या जागी आले क्लोरीनचे ब्लीच. कार्ल शेले यांनी 1774 मध्ये क्लोरीन वायू तयार केला, क्लोद बर्थोले यांनी 1785 च्या सुमारास त्याचा रंग उडवण्याचा गुण कापडासाठी वापरला आणि स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी 1799 मध्ये ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले. त्याआधी युरोपात कोरे कापड महिनोन् महिने गवतावर पसरून, आंबट ताकाच्या पाण्यात बुडवून पांढरे करीत. टेनंट यांच्या पावडरीने हे काम दिवसांवर आणले आणि कापडगिरण्यांच्या वाढीला मोठा हातभार लावला. त्या शोधाचे मोल कमी लेखायचे कारण नाही. रुग्णालयाच्या चादरी निर्जंतुक करायला आजही हे द्रव्य उपयोगी आहे. पण घामाच्या डागावर ते उलटते. घामातल्या प्रथिनांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन जातीची संयुगे बनतात आणि डाग फिका होण्याऐवजी अधिक पिवळा होतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर त्याचा गंज होऊन तोही धाग्यावर बसतो. लवचिकपणासाठी मिसळलेले स्पॅन्डेक्सचे धागे पिवळे पडतात आणि तुटतात. शिवाय हे द्रव्य खुद्द सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. ही हानी त्या दिवशी दिसत नाही, काही धुण्यांनंतर कापड काखेतच फाटते आणि दोष कापडाच्या प्रतीला दिला जातो. पांढऱ्या सदऱ्यासाठी सर्वांत आधी हात जातो त्या बाटलीकडे. घामाच्या डागापुरते तरी तिला दूर ठेवावे, असे या पुस्तिकेचे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरा अपराधी उष्णता. डाग हट्टी आहे म्हणून त्यावर सुरुवातीलाच कढत पाणी ओतणे हा अनेक घरांतला रिवाज आहे. कढत पाण्याने प्रथिने गोठून धाग्यात पक्की होतात. इस्त्री तर डागाला बहुधा कायमचा करते, कारण तिच्या तापाने उरलेल्या तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. धुऊन वाळल्यावर पिवळी छटा दिसत असेल तर त्या कपड्यावर इस्त्री फिरवू नये. तो पुन्हा भिजत घालावा. ऊन मात्र पांढऱ्या सुताचे मित्र आहे. ओला पांढरा कपडा उन्हात वाळला की राहिलेली छटा फिकी होत जाते. रंगीत कपड्याला हेच ऊन नको. तो उलटा करून सावलीत वाळवावा. आणि तिसरा अपराधी उशीर. घामाचा सदरा आठवडाभर टोपलीत पडून राहतो तेव्हा जिवाणू आणि ऑक्सिजन दोघांनाही मोकळे रान मिळते. पावसाळ्यात त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि एका डागाचे दोन होतात.

आता क्रम. पहिली पायरी साध्या थंड पाण्याची. कपडा उतरवल्या दिवशीच काख आणि कॉलर नळाखाली धरून आतल्या बाजूने विसळली की मीठ आणि युरिया निघून जातात, प्रथिनांचा मोठा भाग सैल होतो. ताज्या घामाला बहुधा एवढे पुरते. दुसरी पायरी फक्त कडक, चरचरीत डागासाठी : सौम्य आम्ल. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी, किंवा एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा सायट्रिक ॲसिड. डागाचा भाग त्यात अर्धा तास बुडवायचा. ॲल्युमिनियमचे साठे आम्लात विरघळतात. ही पायरी सोड्याच्या आधी का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नेहमीच्या धुण्याच्या अल्कलीत ॲल्युमिनियमचा न विरघळणारा साका होतो आणि तो धाग्यात अडकून राहतो. म्हणून आम्लाचे काम आधीच उरकायला हवे. त्यानंतर भरपूर पाण्याने विसळणे अत्यावश्यक आहे. आम्ल राहिले तर पुढच्या साबणाचा फेसच बसतो. सायट्रिक ॲसिड तर उडूनही जात नाही. ते कापडात राहून त्यावर इस्त्री फिरली की धागा अशक्त होतो.

तिसरी पायरी तेलाची. भांडी घासायचा लिक्विड साबण किंवा कपड्यांचे लिक्विड डागावर थेंबभर टाकून बोटांनी चोळायचे आणि पाव तास तसेच ठेवायचे. कॉलरसाठी हीच मुख्य पायरी आहे. चौथी पायरी एन्झाइमची. एन्झाइम प्रथिनांचे आणि स्निग्ध पदार्थांचे लहान तुकडे करतात आणि मग ते पाण्यात निघून येतात. कपडे धुण्यासाठी त्यांचा उपयोग करण्याचे पेटंट जर्मनीच्या ओटो र्‍योम यांनी 1913 मध्ये घेतले. 1960 च्या दशकात जिवाणूंपासून मिळणारे आणि साबणाच्या पाण्यात टिकणारे एन्झाइम आल्यावर ते घराघरांत पोचले. आज अनेक पावडरींत आणि लिक्विडांत ते असतात. त्यांना कोमट पाणी लागते, हाताला सोसेल इतके, सुमारे 40 अंश. आणि तास-दोन तास लागतात. उकळत्या पाण्यात ते निकामी होतात, गार पाण्यात मंदावतात. रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिने असल्याने त्यांच्यावर हे वापरू नये. सुताला त्यांच्यापासून धोका नाही.

पाचवी आणि शेवटची पायरी ऑक्सिजन देणाऱ्या ब्लीचची. सोडियम परकार्बोनेट पाण्यात विरघळले की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा अशी दोन द्रव्ये सुटतात. पहिले पिवळा रंग घालवते, दुसरे त्याला लागणारी अल्कली पुरवते. चार-पाच लिटर बऱ्यापैकी गरम पाण्यात पोह्याचे दोन चमचे पावडर आणि दोन ते सहा तास भिजवण, एवढे पांढऱ्या सुताला पुरते. परकार्बोनेट नसेल तर औषधाच्या दुकानातले 20 व्हॉल्यूमचे, म्हणजे सुमारे 6 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाण पाणी घालून डागावर लावता येते. चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला की ते जोमाने काम करते. कपड्याचे ऑक्सिजनवाले ब्लीच नवे नाही. जर्मनीत 1907 साली बाजारात आलेल्या पर्सिल या पावडरीत ते होते. ते शेवटी का? कारण रंग उडवणारे द्रव्य समोर येईल त्या मळावर खर्च होते, आणि आधी वापरले तर पाठोपाठ घातलेल्या एन्झाइमांनाही मारते. मळ उतरल्यावर उरलेल्या फिक्या रंगासाठी ते थोडेच लागते आणि कापडाची झीजही थोडीच होते. इथे एक सावधगिरी बाळगावी. पाण्यात लोह जास्त असेल किंवा कपड्याला लोखंडी बटणे-हुक असतील तर तिथे पेरॉक्साइड अनावर होऊन कापडाला भोके पाडू शकते. ब्लाऊजचे हुक म्हणूनच भिजवणीबाहेर ठेवावेत. रंगीत कपड्यावर आतल्या शिवणीत आधी थेंब टाकून पाहावा.

या पाचही पायऱ्या प्रत्येक कपड्याला लागत नाहीत. कॉलरला तिसरी आणि चौथी, गडद कपड्यावरच्या मिठाच्या वर्तुळांना नुसती पहिली, जुन्या पिवळ्या काखेला सगळ्या. डाग ओळखण्याचा उपयोग तो हाच. आणि पायऱ्यांची सरमिसळ करू नये. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसणारा लेप डागावर लावण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे. फेस पाहून काही तरी जोरात घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे बरेचसे निष्क्रिय मिठासारखे द्रव्य उरते. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण एकामागून एक आणि मध्ये पाणी घालून. क्लोरीनचे ब्लीच तर आम्लात किंवा अमोनियाच्या द्रव्यात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू सुटतात आणि बंद न्हाणीघरात ते जिवावर बेततात. परकार्बोनेटचे द्रावण घट्ट बुचाच्या बाटलीत साठवू नये, कारण सुटणाऱ्या वायूने बाटली फुटू शकते. सोड्याच्या भिजवणीला ॲल्युमिनियमचे पातेले घेऊ नये. प्लास्टिकची बादली बरी.

पाण्याचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका बनवतात. तो कापडावर बसतो, तेल धरून ठेवतो आणि पांढऱ्याला करडेपणा आणतो. अशा पाण्यात साबणाची वडी कितीही घासली तरी काख उजळत नाही. बाई दमते आणि साबण संपतो. भिजवण्याच्या पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवला की पाण्याचा जडपणा बराच उतरतो आणि मगच साबण साबणाचे काम करतो. नीळ घातल्याने पिवळेपणा झाकला जातो, कारण निळ्या छटेमुळे डोळ्याला कपडा पांढरा भासतो. शेवटच्या विसळणीत नीळ घालायला हरकत नाही, पण तिने डाग जात नाही, हे समजून घालावी.

या मांडणीवर काही आक्षेप येतील आणि त्यांचा विचार व्हायला हवा. पहिला असा की, मागच्या पिढ्यांनी दगडावर आपटून आणि बडवूनच कपडे स्वच्छ ठेवले. त्यांना ही पाच पायऱ्यांची उठाठेव लागली नाही. याचे अर्धे उत्तर वर आले आहे : खार, वाफ आणि ऊन यांचे काम आपण विसरतो. उरलेले अर्धे असे की, तेव्हाचे जाडेभरडे कापड मार सोसत होते, आजचे तलम विणीचे सोसत नाही, आणि काखेत ॲल्युमिनियमचे प्रसाधन तेव्हा नव्हते. कडक ब्रशने सुताच्या पृष्ठभागावरचे तंतू उसवतात आणि लव उठते. तेल आणि धूळ धरायला तिथे अधिक जागा होते. घासून स्वच्छ केलेली कॉलर पुढच्या वेळी अधिक लवकर मळते, हा अनुभव अनेकांना आहे. त्याचे कारण हे आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. सकाळी डबे, दुपारी कचेरी आणि रात्री स्वयंपाक करणाऱ्या घरात कपडा सहा तास भिजवायला सांगणे हा शहाणपणा की छळ? पण भिजण्याचा वेळ कपड्याचा असतो, माणसाचा नाही. रात्री बादलीत टाकलेला सदरा सकाळपर्यंत आपले काम करतो. हात लागतात ते फार तर पाच-दहा मिनिटे. ब्रश घेऊन वीस मिनिटे घासणे याहून कितीतरी महाग पडते. ते दंडाला आणि पाठीला पडते, आणि आपल्या समाजात ते बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या किंवा धुणे-भांडी करणाऱ्या मावशींच्या वाट्याला येते. तीव्र पावडरीच्या पाण्यात रोज बुडणाऱ्या हातांची सालटे निघतात. क्रमाने धुण्याचा पुरस्कार मी कापडासाठी करतो, पण त्याहून अधिक त्या हातांसाठी करतो.

तिसरा आक्षेप यंत्राचा आणि पावडरीचा : चांगली पावडर घ्या, यंत्रात टाका, बाकी बघायचे कारण नाही. या आक्षेपात तथ्य आहे. आजच्या चांगल्या पावडरींत एन्झाइम, तेल सोडवणारी द्रव्ये आणि काहींत ऑक्सिजन ब्लीचही एकत्र असते. नियमित धुतल्या जाणाऱ्या, फारसा डाग न पडलेल्या कपड्याला एवढे पुष्कळ झाले. पण अर्ध्या तासाच्या झटपट फेरीत, गार पाण्यात, या द्रव्यांना कामाचा अवधीच मिळत नाही, आणि ॲल्युमिनियमवर अल्कधर्मी पावडरीचे फारसे चालत नाही. यंत्र वापरू नका असे कोणी म्हणत नाही. यंत्रात टाकण्याआधी काख आणि कॉलर यांच्याकडे पाच मिनिटे पाहा, एवढेच मागणे आहे.

चौथा आक्षेप सर्वांत अवघड आहे, कारण तो रसायनशास्त्राचा नाही. कपडे आता स्वस्त झाले आहेत. डागाळला तर टाका, नवा घ्या. ज्यांना हे परवडते त्यांनीही क्षणभर हिशेब करावा. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातला कापूस बहुतांशी कोरडवाहू जमिनीत, पावसाच्या भरवशावर पिकतो. पेरणी, खुरपणी, फवारणी, वेचणी, मग जिनिंग, सूत, विणकाम, रंगाई, शिलाई, इतक्या हातांतून सदरा आपल्यापर्यंत येतो. चार बोटांच्या पिवळ्या जागेसाठी ते सगळे टाकून देणे मला तरी मान्य होत नाही. आणि ज्यांना परवडत नाही त्यांचा विचार तर आधी व्हायला हवा. शाळेच्या दोन गणवेशांवर वर्ष काढणाऱ्या मुलीला काखेतला डाग झाकण्यासाठी हात अंगाशी धरून बसावे लागते. नोकरीच्या मुलाखतीला एकच बरा सदरा असलेल्या मुलाचे अर्धे लक्ष कॉलरकडे असते. घाम हा कष्टाचा आणि हवामानाचा सरळ परिणाम आहे. त्याचा डाग ही लाज मानण्याची गोष्ट नाही. पण ती लाज समाजात आहे, आणि ती ज्यांना सोसावी लागते त्यांना थोड्या पैशांत होणारा खरा उपाय ठाऊक असणे हा त्यांचा हक्क आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. जिथे घामाने कापडाचा रंगच बदलला किंवा उडवला आहे, तिथे डाग निघेल पण रंग परत येणार नाही. रंग घामाला किती टिकतो हे पाहण्यासाठी कापड उद्योगात कृत्रिम घाम बनवून, आम्लधर्मी आणि अल्कधर्मी अशा दोन्ही रूपांत, 37 अंश तापमानाला चाचणी करतात. तशी चाचणी न झालेले स्वस्त रंग लवकर दगा देतात. वर्षानुवर्षे इस्त्री फिरलेला जुना डाग पूर्ण जाईलच असे नाही. दोन-तीन भिजवणींत तो फिका झाला तरी समाधान मानावे, आणि धागा विरायला लागला असेल तर थांबावे. टेरीकॉटसारख्या मिश्र कापडात तेल पॉलिएस्टरच्या धाग्याला अधिक चिकटते. तिथे तिसऱ्या पायरीला जास्त वेळ द्यावा लागतो. प्रसाधन लावल्यावर ते पूर्ण वाळू देऊन मग कपडा घातला, ब्लाऊजला काखेत सुटे अस्तर लावले, तर पुढचे बरेचसे धुणे टळते.

पुढील प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत : डागाची ओळख, पाण्याची परीक्षा, पाच पायऱ्या, पांढऱ्या आणि रंगीत कपड्यांतले फरक, ब्लाऊज, गणवेश आणि खादी यांच्यासाठी वेगळी सूचना, आणि शेवटी काय कशात मिसळू नये याचा तक्ता. तो तक्ता न्हाणीघराच्या दारामागे चिकटवावा. सगळे वाचायला वेळ नसेल त्यांनी निदान पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी, कारण एवढी एक सवय लागली तरी पुढचे निम्मे काम हलके होते. आणि ही सवय धुणाऱ्याने नव्हे, घालणाऱ्याने लावून घ्यायची आहे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने, आणि विशेषतः पुरुषांनी, संध्याकाळी अंगातला सदरा काढल्यावर तो टोपलीत न टाकता त्याची काख आणि कॉलर स्वतःच्या हाताने थंड पाण्यात विसळावी. या पुस्तिकेच्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे.